ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने

आमच्या नाट्यसंस्थेचे अध्यक्ष सरकारदरबारी कैलासवासी आहेत.

म्हणजे आत्ताचे नव्हेत. आत्ताचे ठणठणीत आहेत. वय 79, रोज पहाटे अख्खं पार्ले पूर्व पायाखाली घालतात आणि वाटेत भेटेल त्याला नाटकाची वर्गणी मागतात. कैलासवासी झाले ते संस्थापक-अध्यक्ष, 1999 मध्ये. त्यांच्या शोकसभेतच आत्ताच्या अध्यक्षांची निवड उरकून घेतली, कारण पुन्हा एवढी माणसं एका खोलीत जमतील याची कुणालाच खात्री नव्हती. निवड झाली, टाळ्या झाल्या (शोकसभा आहे हे आठवून त्या मधेच थांबल्या), आणि एक गोष्ट राहून गेली. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचा विश्वस्त बदलला की तो बदल 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे कळवायचा असतो. त्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो घेऊन वरळीला कुणी जायचं, यावर आमच्या कार्यकारिणीच्या तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीपर्यंत 90 दिवस उलटून गेले होते. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, असं एका वकिलांनी सांगितलं. तो अर्ज कुणी लिहायचा, ही चर्चा अजून चालू आहे.

त्यामुळे शेड्यूल वनच्या उताऱ्यावर आजही संस्थापकांचंच नाव आहे. आत्ताचे अध्यक्ष कागदोपत्री कुठेच नाहीत. आणि जो माणूस पदावर आलेलाच नाही त्याला पदावरून काढायचं कसं, हा आमच्यापुढचा पेच.

काढायचं होतं, हे मात्र खरं. आमची संस्था ना नफा ना तोटा तत्त्वावर चालते, असं पावतीपुस्तकावर छापलेलं आहे. त्यातला पहिला अर्धा भाग आम्ही स्थापनेपासून कटाक्षाने पाळत आलो. दुसऱ्या अर्ध्यासाठी देणग्या स्वीकारतो. दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत एक नाटक उतरवायचं, प्राथमिक फेरीत पडायचं आणि परीक्षकांना नाटक कळत नाही असा ठराव करायचा, हा आमचा वार्षिक कार्यक्रम. नाटक अध्यक्ष निवडतात. बसवतातही तेच. नायकाची भूमिका त्यांनी वयाच्या 61 व्या वर्षापर्यंत केली. मग त्यांना स्वतःलाच ते बरं दिसेना म्हणून त्यांनी नायकाच्या वडिलांची भूमिका घेतली. तेव्हापासून आमच्या सगळ्या नाटकांत वडिलांना फार वाक्यं असतात. नवी मुलं येतात, दोन तालमी बघतात आणि ऑडिशन आहे म्हणून जातात ती जातातच.

बदल करायचा तर जागा एकच, वार्षिक सर्वसाधारण सभा. तिची विषयपत्रिका मीच लिहितो, चिटणीस या नात्याने. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, हिशेबतपासनीस नेमणे, आणि सगळ्यात शेवटी, माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. अध्यक्ष बदलण्याचा विषय बसला तर याच फटीत बसतो. म्हणजे उठून उभं राहायचं आणि विचारायचं, अध्यक्षमहाराज, आपली परवानगी असेल तर आपल्याला काढू का? 2016 मध्ये आमचे कार्याध्यक्ष असे उभे राहिलेही होते. "परवानगी असेल तर एक नाजूक विषय मांडतो," इथवर त्यांनी मजल मारली. अध्यक्ष म्हणाले, "बोला की. फक्त वडे आलेत, ते गार व्हायच्या आत बोला." विषय मग नाजूकच राहिला.

शिवाय गणपूर्ती. आमच्या घटनेप्रमाणे सभेला 15 सभासद हवेत. येतात 9. मग गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी तेच 9 जण पुन्हा बसतात. आता मात्र त्यांना गणपूर्तीची गरज लागत नाही. या अर्ध्या तासात त्यांच्या अंगी काय संचारतं ते घटना लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. आम्ही तेवढ्यात चहा घेतो.

तर यंदा कार्याध्यक्षांनी बेत आखला. सभेच्या आधीच अध्यक्षांशी खाजगीत बोलायचं. तेही पार्ल्यात नको, तिथे भिंतींना कान आहेत आणि त्यातले निम्मे अध्यक्षांच्या नात्यातले. जुहूला न्यायचं, पृथ्वी थिएटरला. एक छानसं नाटक दाखवायचं. नाटकाआधी तिथल्या कॅफेत बसायचं आणि चहा पिता पिता हळूच सांगायचं, की बघा, संस्था कशी पिढ्यान् पिढ्या पुढे जाते. जागेतच दाखला होता. "ओघात समजेल त्यांना," कार्याध्यक्ष म्हणाले. ते इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. ओघात समजतं यावर त्यांचा विश्वास आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांचा नसावा.

खजिनदारांनी हरकत घेतली, पण ती फक्त रिक्षाच्या भाड्याला.

आम्ही चौघं एका रिक्षात मावत नाही, म्हणून दोन रिक्षा झाल्या. (खजिनदारांनी दोन्हींचे मीटर टिपून घेतले. फरक सात रुपयांचा निघाला. तो जुहू चर्च रोडच्या सिग्नलने खाल्ला, असं मी परोपरीने सांगितलं, तरी ते अजून माझ्याकडे संशयाने बघतात.) जानकी कुटीरच्या गल्लीत शिरलं की गाड्यांचा आवाज एकदम खाली बसतो. याच जानकी कुटीरमध्ये कैफी आझमी आणि शौकत आझमी राहत. शौकतबाई पृथ्वीराज कपूरांच्या मंडळीत काम केलेल्या. म्हणजे या गल्लीत नाटक थिएटर बांधायच्या आधीपासून राहायला आलेलं होतं.

कॅफेत झाडांखाली टेबलं मांडलेली. आमच्या शेजारच्या टेबलावर टोपी घातलेला एक मुलगा दुसऱ्या टोपीवाल्याला गोष्ट सांगत होता. "सर, आता खरा ट्विस्ट," असं तो म्हणाला तेव्हा तिसऱ्या टेबलावरच्यानेही मान वळवली. इथे प्रत्येक टेबलावर एक गोष्ट चालू असते आणि प्रत्येक गोष्ट शेजारच्या टेबलाला कळत असते. गुप्त बैठकीला आम्ही जागा झकास निवडली होती.

"आयरिश कॉफी इथली प्रसिद्ध आहे," मी म्हणालो.

"सभेच्या खर्चात आयरिश बसत नाही," खजिनदार म्हणाले. "चार चहा."

चहा येईपर्यंत अध्यक्ष उठले. "जरा पोस्टरं बघून येतो," म्हणाले आणि गेले. पाच मिनिटांत ते पोस्टरांपाशी उभ्या असलेल्या तीन मुलांना आवाज बेंबीपासून कसा काढायचा ते दाखवत होते. बेंबीपासून निघालेला आवाज आमच्या टेबलापर्यंत पोचत होता. आम्हाला रान मोकळं मिळालं.

"आपल्याला परंपरा आहे," कार्याध्यक्षांनी सुरुवात केली. "1913. किर्लोस्कर नाटक मंडळी. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्येच गेले. भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये. नानासाहेब जोगळेकर 1911 मध्ये. मग मंडळीच्या कारभारावरून कुरबुर सुरू झाली आणि बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे सरळ बाहेर पडले. गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघंच होते. आपणही तिघंच."

"पुढे?" खजिनदारांनी विचारलं.

"पुढे काय, इतिहास घडला."

"तसं नव्हे. तिघांचं पुढे काय झालं?"

"टेंबे बाहेर पडले."

"मग?"

"मग बोडस बाहेर पडले."

"म्हणजे उरलं कोण?"

"बालगंधर्व."

"आणि कर्ज," खजिनदार म्हणाले. गंधर्व मंडळीच्या कर्जाची हकिगत खजिनदार जमातीला आईच्या दुधाबरोबर मिळत असावी.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग आम्ही तिघांनी एकमेकांकडे आळीपाळीने पाहिलं. आमच्यातले बालगंधर्व कोण, हा प्रश्न टेबलावर येऊन पडला होता. आम्हा तिघांचं मिळून वजन अडीचशे किलोच्या घरात जातं आणि गळा तिघांत मिळून एकालाही नाही. कार्याध्यक्षांनी खाकरून विषय पुढे नेला.

मला विचाराल तर मराठी नाट्यसंस्थेत नेतृत्वबदल असा होतच नाही. फूट होते. संस्था ही शेवंतीच्या रोपासारखी आहे, मुळाशी हात घालून दोन केले की दोन्ही जगतात. किर्लोस्करांतून गंधर्व निघाली, पुन्हा 1918 मध्ये त्याच किर्लोस्करांतून मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर वगैरे बाहेर पडले आणि बलवंत संगीत मंडळी झाली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे यांनी 1960 मध्ये रंगायन काढली. दहा-अकरा वर्षांत ती दुभंगली आणि 1971 मध्ये आविष्कार आली. पुण्यात तर एका नाटकाने हे काम केलं. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पी.डी.ए.ने, डिसेंबर 1972 मध्ये 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणलं, संस्थेने पुढे त्याचे प्रयोग थांबवले, आणि नाटक करणारी मंडळी मार्च 1973 मध्ये थिएटर अकॅडमी होऊन बाहेर पडली. तोच 'घाशीराम' मग युरोपात जाऊन आला. भांडण चांगल्या नाटकावरून झालं तर किती फळतं बघा. आमच्या संस्थेत शेवटचं मोठं भांडण झालं ते वडे की समोसे यावरून. त्यातून फक्त समोसे निष्पन्न झाले.

"पण न फुटता बदल झालाच नाही असं नाही," कार्याध्यक्षांना अचानक उभारी आली. "ललितकलादर्श! केशवराव भोसल्यांनी 1908 मध्ये हुबळीला काढली. 1921 च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केलं, आणि ऑक्टोबरात गेले. 31 वर्षांचं वय. मंडळी बापूराव पेंढारकरांकडे आली. ते 1937 मध्ये गेले. मग त्यांचे चिरंजीव, भालचंद्र पेंढारकर. त्यांनी पुन्हा उभी केली. एकच नाव, तीन माणसं."

"दोन्ही वेळा आधीचा माणूस वारला होता का?" खजिनदारांनी विचारलं.

"हो, दोन्ही वेळा तरी…"

आम्ही तिघांनी पोस्टरांकडे पाहिलं. अध्यक्ष आता मुलांना पल्लेदार वाक्य एका श्वासात कसं घ्यायचं ते दाखवत होते. एका श्वासात त्यांनी जेवढं म्हटलं तेवढं म्हणताना मला दोनदा बसावं लागलं असतं. ललितकलादर्शचा मार्ग आम्हाला इतक्यात खुला होईल असं काही दिसत नव्हतं.

मग मी म्हणालो, ज्या जागेत बसलोय तिचंच घ्या ना. आणि पृथ्वीची कथा मी त्यांना सांगितली, कारण अध्यक्षांना सांगायची ती तालीम होती.

पृथ्वीराज कपूरांनी 1944 मध्ये पृथ्वी थिएटर्स काढली तेव्हा तिला घर नव्हतं. सामान आणि माणसं आगगाडीत घालून हिंदुस्थानभर फिरणारी ती मंडळी. पहिलं नाटक 'शकुंतला', मग 'दीवार', 'पठान', 'गद्दार', 'आहुति', 'पैसा'. 16 वर्षांत 2,662 प्रयोग आणि प्रत्येक प्रयोगात मुख्य भूमिका मालकांची. (हा आकडा आमच्या अध्यक्षांसमोर काढायचा नाही असं आमचं लगेच ठरलं.) खेळ संपला की पृथ्वीराज दारात झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत आणि कुठल्या तरी सत्कार्यासाठी पैसे मागत. सिनेमातला सिकंदर दारात झोळी घेऊन उभा आहे म्हटल्यावर कोण नुसता जाईल? 1960 मध्ये प्रकृती साथ देईना, मंडळी बंद झाली. 1962 मध्ये त्यांनी जुहूला ही जागा भाडेपट्ट्याने घेतली, नाटकाला हक्काचं घर बांधायचं म्हणून. घर झालं नाही. 1972 मध्ये ते गेले आणि भाडेपट्टाही त्याच सुमाराला संपला.

म्हणजे वारसाहक्काने मुलाला मिळालं काय, तर बंद पडलेली मंडळी, संपलेला भाडेपट्टा आणि न बांधलेलं थिएटर. शशी कपूर आणि त्यांच्या पत्नी जेनिफर यांनी ती जागा विकत घेतली, 1975 मध्ये वडिलांच्या नावाने न्यास केला आणि वेद सेगन या वास्तुरचनाकाराकडून दोनशेच्या आसपास माणसं बसतील असं चिमुकलं नाट्यगृह बांधून घेतलं. शशी कपूर सिनेमात राबत आणि इथलं काम जेनिफर बघत. त्याही फिरत्या नाटक मंडळीतल्याच, वडील जेफ्री केंडल शेक्सपिअरची नाटकं घेऊन गावोगाव हिंडणारे. 5 नोव्हेंबर 1978 ला दार उघडलं. आणि पहिलं नाटक कुणाचं? मराठी माणसाने इथे कॉलर ताठ करावी: गो. पु. देशपांडे यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीतून, ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांच्यासह.

"विषय काय त्याचा?" खजिनदार.

"एका प्राध्यापकाची चौकशी समितीपुढे चौकशी चालते."

"म्हणजे सभाच," खजिनदार समाधानाने म्हणाले. पृथ्वीबद्दल त्यांना पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

जेनिफर 1984 मध्ये गेल्या. त्याआधी वर्षभरच पृथ्वी महोत्सव सुरू झाला होता. थिएटर मुलगा कुणाल कपूर आणि फिरोज अब्बास खान यांनी पुढे चालवलं, मग मुलगी संजना कपूर यांनी सूत्रं घेतली आणि जवळजवळ दोन दशकं सांभाळली. मुलांची शिबिरं, महोत्सव, नव्या मंडळींना तारखा, सगळं. 2012 च्या सुमाराला त्या बाहेर पडल्या आणि समीरा अय्यंगार यांच्याबरोबर जुनून ही नवी संस्था काढली. इथला कारभार पुन्हा भावाकडे, कुणाल कपूर यांच्याकडे आला.

"बाहेर पडल्या!" कार्याध्यक्षांचे डोळे चमकले. "म्हणजे फूट."

"तेच तर. फुटीचा आवाज बाहेर आला नाही. पत्रक नाही, प्रतिपत्रक नाही, खरी संस्था आमचीच अशी जाहिरात नाही, पडदे कुणाचे आणि पेट्या कुणाच्या यावर पंचनामा नाही. दुसऱ्या दिवशी तिसरी घंटा झाली आणि दार बंद झालं. प्रेक्षकांनी कॉफी मागवली."

हे ऐकून कार्याध्यक्ष थोडे खट्टू झाले. भांडण नसलेला सत्तापालट त्यांना इतिहासातही आवडत नाही.

"विलायतेत बघा," ते म्हणाले. "तिथे रीतसर जाहिरात देतात, अर्ज मागवतात, मुलाखती घेतात." हे खरंच. पण रीतसर नेमणूक केली म्हणून संसार रीतसर होतो असं नाही. लंडनच्या शेक्सपिअर्स ग्लोबने 2016 मध्ये एमा राइस यांना कलासंचालक म्हणून आणलं. त्यांनी शेक्सपिअरच्या अंगणात विजेचे दिवे आणि ध्वनिवर्धक लावले. लोक आले, तिकिटं खपली, आणि त्याच वर्षी विश्वस्तांनी जाहीर केलं की आमच्या नाट्यगृहाला हे दिवे शोभत नाहीत, सबब बाई 2018 मध्ये जातील. त्यांच्या जागी मिशेल टेरी आल्या. म्हणजे तिकिटं खपत असताना, नुसत्या प्रकाशयोजनेवरून. आमच्याकडे दिव्यांवरून वाद होतो तो बिलाचा, आणि तो मिटवायला अध्यक्ष स्वतःच्या खिशातून पैसे देतात.

हे वाक्य मी बोलून गेलो आणि मलाच ते टोचलं. खजिनदारांनी चहाच्या कपात पाहिलं. "गेल्या वर्षी हॉलचं डिपॉझिटही त्यांनीच भरलं," ते हळूच म्हणाले. "मी ते उसनवारीत दाखवलंय. परत मागितले नाहीत त्यांनी."

"आणि ट्रंका," मी म्हणालो.

ट्रंकांचं सांगायला हवं. आमच्या संस्थेची स्थावर मालमत्ता शून्य आणि जंगम मालमत्ता म्हणजे तीन ट्रंका. त्या 26 वर्षं अध्यक्षांच्या घरी, दिवाणाखाली आहेत. दिवाण त्यांवरच टेकलेला आहे असंही म्हणता येईल. त्यात काय आहे हे यादीवर असतं, आणि यादी तिसऱ्या ट्रंकेत असते. मला आठवतात त्या वस्तू अशा: दोन तलवारी, पैकी एक निखळणाऱ्या मुठीची, काळा टेलिफोन, रिसीव्हरसकट, वायरीविना, पोलिसाची एक टोपी, म्हणून आमच्या नाटकात एका वेळी एकच पोलीस येतो, तीन दाढ्या, डॉक्टरची बॅग, आणि एक जांभळी पैठणी, जी आमच्या पाच नायिकांनी नेसून फाडली आणि अध्यक्षांच्या पत्नीने पाचही वेळा रफू केली. दर पावसाळ्यात वहिनी दाढ्यांना ऊन दाखवतात. त्यांच्याकडे पहिल्यांदा आलेल्या जावयाने बाल्कनीत दोरीवर तीन दाढ्या वाळत घातलेल्या पाहिल्या आणि तो चहा न घेता जायला निघाला होता, असं म्हणतात.

"आपण पद घेतलं तर ट्रंका…" खजिनदार म्हणाले आणि थांबले.

"ट्रंका कुठेही राहतील," कार्याध्यक्ष म्हणाले. "गौण मुद्दा आहे."

"तुमच्याकडे राहतील?"

"माझ्याकडे पुस्तकं आहेत."

"माझ्याकडे सासूबाई आहेत," खजिनदार म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरात खरं तर जागा आहे. ती आहे हे मी आजवर कुणालाही कळू दिलेलं नाही, आणि तुम्हीही कुणाला सांगू नका. "आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय," मी म्हणालो. मुंबईत हे वाक्य कधीही, कुणालाही आणि कशावरही चालतं.

एवढ्यात रांग हलली. पृथ्वीत खुर्चीला नंबर नसतो. रांग लावायची आणि दार उघडलं की आत जाऊन मिळेल तिथे बसायचं. अध्यक्षांना 26 वर्षं पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीची सवय. इथली पहिली रांग रंगमंचाला इतकी लागून, की प्रेक्षकाने पाय लांब केले तर नटाच्या पायात पाय यायचा. प्रेक्षक तिन्ही बाजूंनी, मधे नट. अध्यक्ष रांगेत त्या तीन मुलांच्या मागे जाऊन उभेही राहिले होते. त्यांनी आम्हाला लांबून हात केला. आम्ही आलोच म्हणून हात केला. तिकिटं त्यांच्याच फोनवर होती, कारण कार्याध्यक्षांनी ती मोठ्या मनाने त्यांना पाठवली होती, 'आपल्या नेतृत्वाला मानाचा मुजरा' असं लिहून. ते नेतृत्व बदलायला आपण निघालोय हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात नसावं.

"आता आत जाऊन मध्यंतरात बोलू," मी म्हणालो.

"मध्यंतर नसेल तर?" खजिनदार.

"मग आत्ताच ठरवू. विषय कोण काढणार?"

"चिटणीसांनी काढावा. इतिवृत्त तेच लिहितात."

"छे! ज्येष्ठतेने कार्याध्यक्षांचा मान."

"माझं 2016 मध्ये काढून झालंय," कार्याध्यक्ष म्हणाले. "प्रत्येक वेळी मीच का?"

यावर चर्चा रंगली. चांगलीच रंगली असणार, कारण मान वर करून पाहिलं तर रांग नव्हती. अंगण रिकामं होतं. शेजारचा टोपीवालासुद्धा ट्विस्ट सांगून उठला होता. घंटा झालेली आम्ही ऐकली होती, पण कोणती ते मोजलं नव्हतं. पृथ्वीत नाटक सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, मग तुम्ही कुणीही असा. कार्याध्यक्षांनी तरीही दारावरच्या मुलाला सांगून पाहिलं, की आमचे अध्यक्ष आत आहेत. तो फार अदबीने म्हणाला, "हां सर, वो अंदर हैं. आप बाहर हैं."

नेमक्या शब्दांत परिस्थिती सांगायला मी गेली 19 वर्षं इतिवृत्तं लिहितोय, पण मला हे जमलं नसतं.

आम्ही पुन्हा टेबलावर येऊन बसलो. आता वेळच वेळ होता आणि अध्यक्ष पावणेदोन तास अडकलेले. त्यांना पदच्युत करायचा ठराव आम्ही त्या वेळात तीनदा करू शकलो असतो. केला नाही. खजिनदारांनी स्वतःहून आयरिश कॉफी मागवली, स्वतःच्या पैशांनी, आणि ओठांवर पांढरी मिशी घेऊन दोन तलवारींपैकी एकीच्या मुठीची डागडुजी करायला हवी यावर बोलत राहिले. कार्याध्यक्षांनी आविष्कारच्या अरुण काकडेंची आठवण काढली. काकडेकाका 2019 मध्ये गेले. "छबिलदास शाळेतल्या प्रयोगांच्या काळापासून सगळ्यांनी त्यांनाच धरून ठेवलं होतं," कार्याध्यक्ष म्हणाले, "पण त्यांचं नेमकं पद कोणतं असं विचारलं तर मला अजून सांगता यायचं नाही. मी इतिहासाचा माणूस असून."

नाटक सुटलं. माणसं बाहेर आली, त्यांच्यात अध्यक्ष, चेहरा फुललेला. ती तीन मुलं त्यांच्या अवतीभोवती.

"काय सुंदर केलं हो! वडिलांचं काम करणारा तर… तुम्ही कुठे बसला होतात? मागे?"

"हो, मागे," आम्ही तिघं एका सुरात म्हणालो. आमच्या संस्थेचं एकसुरी काम ते एवढंच.

"शेवट कसा वाटला?"

"अनपेक्षित," मी म्हणालो.

रिक्षा मिळेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलो. अध्यक्ष थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरांनो, एक विषय काढायचा होता." आम्हाला ते पोरांनो म्हणतात. आमच्यातला सगळ्यात धाकटा 58 चा आहे. "बरेच दिवस घोळतोय मनात. पदावर बसायचं वयही राहिलं नाही आणि तुमच्या वहिनींना ते दाढ्यांना ऊन दाखवणं आता होत नाही. शिवाय आमच्या सोसायटीचं खरंच ठरतंय रीडेव्हलपमेंटचं. मी म्हणतो, येत्या सभेत मोकळं करा मला. तुमच्यापैकी कुणीही घ्या. फक्त ट्रंका आधी हलवाव्या लागतील. कोण नेतंय?"

जुहू चर्च रोडवरून तीन रिकाम्या रिक्षा गेल्या. आम्ही एकीलाही हात केला नाही.

पहिले बोलले खजिनदार. "अहो, भलतंच काय! तुमच्याशिवाय संस्था म्हणजे…" मग कार्याध्यक्ष बोलले, आणि त्यांनी ओघात केशवराव भोसले, बापूराव पेंढारकर आणि 2,662 प्रयोग असे तिन्ही दाखले दिले. आकडा सांगायचा नाही असं ठरलं होतं, हे ते विसरले. अध्यक्षांनी विचारलं, "2,662? आणि प्रत्येकात मुख्य भूमिका?" आणि त्यांची पाठ ताठ झालेली मला रस्त्याच्या दिव्यात स्पष्ट दिसली.

रात्री घरी येऊन मी इतिवृत्त लिहून टाकलं. बैठकीचे स्थळ, जुहू. उपस्थिती, अध्यक्ष धरून चार. गणपूर्तीअभावी बैठक पावणेदोन तास तहकूब करण्यात आली व नंतर त्याच जागी घेण्यात आली. ऐनवेळच्या विषयांत माननीय अध्यक्षांनी निवृत्तीची इच्छा व्यक्त केली. सर्व उपस्थितांनी तीस तीव्र विरोध दर्शवून त्यांनीच पदावर राहावे असा आग्रह धरला व तो त्यांनी मोठ्या मनाने मान्य केला. ट्रंका हलवण्याचा विषय पुढील सभेपुढे ठेवावा असे ठरले. चहाचे बिल अध्यक्षांनी दिले. बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.